रिचर्ड मेटर्निख: नुसता बापाचा मुलगा?
रिचर्ड मेटर्निखला ऑस्ट्रियाची पॅरिसमधली वकिलात बापाच्या, म्हणजे ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निखच्या, पुण्याईवर मिळाली, असं म्हणतात. असेलही. पण १८५९ ते १८७० टिकायला नुसतं आडनाव पुरत नाही.

बायको पाउलिन त्याच्या सावत्र बहिणीची मुलगी, म्हणजे हा तिचा मामाच! फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात वजन तिचंच जास्त. १८६१ मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरचा 'टानहॉयझर' हा ऑपेरा पॅरिसला झाला तो तिच्या खटपटीमुळे. शिट्ट्यांच्या गदारोळात तीन प्रयोगांत गुंडाळावा लागला, ते वेगळं.

रिचर्डचा खरा कस लागला ४ सप्टेंबर १८७० ला. सेदानच्या लढाईत प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाल्यावर चिडलेला जमाव तुइलरी राजवाड्यावर आला, तेव्हा त्याने आणि इटलीचा राजदूत निग्राने नेपोलियनची बायको सम्राज्ञी यूजेनीला शेजारच्या लूव्हरमार्गे बाहेर काढून भाड्याच्या घोडागाडीत बसवून दिलं. पुढे वडिलांची कागदपत्रंही त्यानेच छापून आणली.