मधल्या थरातले ढग : बोट धरून बघा

एकाने विचारलंय की अल्टोक्युम्युलस (मधल्या थरातले पुंजक्यांचे ढग) आणि सिरोक्युम्युलस (त्याहून वरच्या थरातले पुंजक्यांचे ढग) दोन्ही ठिपक्याठिपक्यांचेच दिसतात, मग ओळखायचे कसे. सोपंय, हात सरळ लांब करून करंगळी ढगाच्या एका पुंजक्यावर धरायची, पुंजका करंगळीआड पूर्ण लपला तर तो वरचा सिरोक्युम्युलस, आणि करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांत मावणारा असेल तर अल्टोक्युम्युलस. फक्त डोक्याच्या बऱ्यापैकी वरचा पुंजका घ्या, क्षितिजाजवळचे सगळेच बारीक दिसतात (मी कितीतरी दिवस तिथेच फसायचो). शिवाय अल्टोक्युम्युलसच्या पुंजक्यांना खालून राखाडी सावली असते, सिरोक्युम्युलसला नसते.

अल्टोस्ट्रॅटस म्हणजे नुसती करडी चादर, सूर्य दुधी काचेमागच्या बल्बसारखा दिसतो आणि जमिनीवर आपली सावली पडत नाही. सूर्याभोवती खळं (प्रकाशाचं कडं) दिसलं तर मात्र तो सिरोस्ट्रॅटस, म्हणजे वरच्या थरातली पातळ चादर. चादर दाट होत सूर्य पार गायब झाला आणि संततधार लागली की निंबोस्ट्रॅटस.

अजून एक, सकाळीच अल्टोक्युम्युलसला किल्ल्याच्या बुरुजांसारखी टोकं फुटलेली दिसली तर वरची हवा अस्थिर आहे समजा, दुपारनंतर गडगडाटाची शक्यता बरीच असते.