शांतीसेनेतली जखम रेकॉर्डला ‘आरटीए’ (रस्त्यावरचा अपघात) लागली आहे, पराक्रम पदकासाठी दुरुस्ती कशी करून घ्यायची?

टाकळीचा ड्रायव्हर

राम राम मंडळी. नातीनं मोबाईलवर हे लावून दिलंय. एका बोटानं टाईप करतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी सैनिक टाकळीचा, तालुका शिरोळ. १९८२ ला भरती, २००४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. ट्रेड ड्रायव्हर. आमच्या गावात घरटी एक तरी फौजी, त्यामुळं मेडलचं अप्रूप कुणाला नाही. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात उभं राहिलं की सगळ्यांच्याच छातीवर काही ना काही असतं. माझ्याकडं विदेश सेवा मेडल आहे, त्यावर श्रीलंकेची पट्टी आहे. नऊ वर्षांच्या नोकरीचं आहे, वीस वर्षांचं आहे. पराक्रम पदक, ज्याला आम्ही सगळे वुंड मेडल म्हणतो, ते नाही.

ऑक्टोबर १९८७ ला श्रीलंकेत शांतीसेनेचं ऑपरेशन पवन सुरू झालं. मी आणि माझी वन टन गाडी, आम्हा दोघांना एका इन्फंट्री पलटणीला अटॅच केलं. माझं स्वतःचं युनिट मागं राहिलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये जाफन्याच्या बाजूला पुढच्या पोस्टला पाण्याचे जेरीकॅन आणि रेशन घेऊन निघालो होतो. शेजारी गार्ड म्हणून पलटणीतला एक पोरगा, कराडकडचा. मराठी बोलणारा भेटला म्हणून निघाल्यापासून त्याची टकळी चालू. तुमच्या कोल्हापूरला यंदा गुळाला काय दर लागला, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, परवडत नाही बाबा. तेवढ्यात मोरी आली.

सुरुंग मोरीच्या खाली होता. आवाज मला आठवत नाही. स्टिअरिंग हातात तसंच होतं, पण ते कशाला जोडलेलंच नव्हतं, एवढं मात्र लख्ख आठवतं. गाडी उलटून भाताच्या वाफ्यात गेली. पोरगा जागीच गेला. माझी डावी मांडी फाटली.

आता घोळ ऐका. हेलिकॉप्टरनं मागं आणलं, मग समुद्र ओलांडून हिकडं. पहिल्या मिलिटरी हॉस्पिटलात भरती करताना कागदावर लिहिलं, ‘आरटीए, गाडी उलटली’. मी शुद्धीवर नव्हतो. आणणाऱ्यानं “ड्रायव्हर है, गाडी पलट गई” असं सांगितलं असणार. खोटं काहीच नाही बघा त्यात. गाडी उलटलीच होती. का उलटली ते लिहायचं राहिलं. पुढं दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, तिथल्या डिस्चार्ज स्लिपवर ‘स्प्लिंटर’, म्हणजे स्फोटात उडालेला तुकडा, असा शब्द आहे. ती स्लिप माझ्याकडं आहे, घडीवर फाटलेली.

तेव्हा मी काही बोललो नाही. वय पंचवीसच्या आत, पाय वाचला हेच लई झालं. आणि शेजारचा गेलेला असताना आपण मेडल मागायचं, हे बरं वाटेना.

मग आत्ता कशाला? तर दिवाळीनंतर कंबर धरली. जयसिंगपूरला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मशीनवाल्यानं विचारलं, अंगात कुठं धातू आहे का? म्हटलं, असेल एखादा तुकडा. आधी एक्सरे काढला. मांडीच्या हाडालगत दोन तांदळाएवढे आणि एक हरभऱ्याएवढा, पांढरे शुभ्र. एमआरआय रद्द. डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी माझी जुनी कागदं चाळली आणि म्हणाले, “काका, गाडी उलटली म्हणताय, मग हे आत कसं गेलं?”

अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला नाही.

रेकॉर्ड ऑफिसला दोन अर्ज झाले. दोन्हीला एका ओळीचं उत्तर, ‘उपलब्ध नोंदीनुसार जखम नॉन बॅटल’, म्हणजे लढाईतली नाही. अहो, तीच नोंद चुकीची आहे म्हणून तर अर्ज केला! पुढं काय करू?

पेठेतला भावड्या

काका, वाईट वाटून घेऊ नका, पण इतक्या वर्षांनी मेडल मिळून काय होणार? पेन्शन चालू आहे, दवाखान्याला माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे. वकिलाला पैसे घालण्यापेक्षा कंबरेचं बघा.

गडहिंग्लजचा बाबू

भावड्या, तू गप्प बस जरा.

हवालदारसाहेब, जय हिंद. मी अठ्ठावीस वर्षं फौजेत क्लार्क, सुभेदार म्हणून आलो. अशा एका ओळीची उत्तरं मीच टाईप केलीत, तेव्हा ती कशी तयार होतात ते सांगतो. तुमचा अर्ज टेबलावर येतो. क्लार्क शीट रोल, म्हणजे तुमच्या नोकरीचा नोंदपट, काढतो. त्यात पार्ट टू ऑर्डरची (युनिट आपल्या माणसाबद्दल जो नोंदीचा हुकूम काढतं त्याची) जी नोंद आहे तीच तुम्हाला उतरवून पाठवतो. त्याच्या हातात दुसरं काही नसतं. तुम्ही ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं तीन पानं लिहा नाहीतर तीस, त्याला लागतो कागद, आणि तोही त्या काळातला.

तुमच्या केसमध्ये गफलत कुठं झाली ते मला इथं बसून दिसतंय. तुम्ही अटॅच होता. घटना घडली पलटणीकडं, तुमचा पार्ट टू निघणार तुमच्या मूळ युनिटकडून. पलटणीनं त्यांच्या माणसाचं केलं. तुमच्या युनिटपर्यंत पोचला तो हॉस्पिटलचा कागद, त्यावर आरटीए. त्यांनी तेच छापलं. अटॅच माणसाचं असंच होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी.

आता दोन गोष्टी नीट वाचा.

पहिली. सरकारी गाडी निकामी झाली, एक माणूस मेला, एक जखमी. हा खरंच रस्त्यावरचा अपघात असता तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची खात्यातली चौकशी, झाली असती, आणि ड्रायव्हर म्हणून तुमचा जबाब पहिला झाला असता. तुम्हाला कुणी बोलावलं होतं का? गाडीच्या नुकसानीचं काही तुमच्यावर आलं का? नसेल, तर ते अर्जात ठळक लिहा. ड्रायव्हरला न विचारता आरटीए ठरत नाही.

दुसरी, आणि हीच खरी. शेजारी बसलेला जवान. त्याची नोंद बॅटल कॅज्युअल्टीचीच, म्हणजे लढाईत गेल्याचीच, असणार. एकच तारीख, एकच गाडी, एकच मोरी. डावीकडं बसलेला लढाईत गेला आणि उजवीकडं बसलेला अपघातात जखमी झाला, असं कुठलंही रेकॉर्ड ऑफिस म्हणू शकत नाही. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा, बाकी काही बोलायचीच गरज नाही.

तुमचे स्वतःचे कागद (शीट रोल, पार्ट टू, इंज्युरी रिपोर्ट, मेडिकल बोर्ड) माहिती अधिकारात मागवा. कलम ६ चा अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. तुम्ही पेन्शनर आहात हे नशीब. बिनपेन्शनवाल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात.

पण त्या जवानाचे कागद तुम्हाला तसे मिळणार नाहीत. ‘तिऱ्हाईताची वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतील. ते त्याच्या घरी असतील. पलटणीच्या सीओचं (कमांडिंग ऑफिसरचं) सांत्वनाचं पत्र, घरच्यांना मिळालेल्या पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. फौजीच्या घरात असले कागद कुणी टाकत नाही. घरच्यांकडून झेरॉक्स आणि दोन ओळींची संमती घ्या.

आणि मित्रांची ॲफिडेव्हिटं गोळा करत बसू नका. म्हणजे जोडा एखादं. पण आज साठीतल्या माणसानं लिहून दिलेल्या दहा पानांपेक्षा १९८८ ची फाटकी स्लिप भारी. ‘स्प्लिंटर’ हा शब्द त्या वेळच्या सर्जननं लिहिलाय. ती स्लिप आधी लॅमिनेट... नको, लॅमिनेट करू नका, स्कॅन करून ठेवा.

टाकळीचा ड्रायव्हर

सुभेदारसाहेब, उपकार झाले. इन्क्वायरी झाली नव्हती. कुणी एक शब्द विचारला नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या गोष्टीचं जरा अवघड आहे. मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही. गाव माहिती आहे, रिटायर झाल्यावर एकदा कराडपर्यंत जाऊन परत आलो. काय सांगायचं जाऊन? गाडी मी चालवत होतो.

भावड्या, कंबरेचं बघतोच आहे. एमआरआय होईना म्हणूनच हे सगळं निघालं बाबा.

करवीर वकील

काकांना नमस्कार. मी सैनिकी सेवेची प्रकरणं बघतो, म्हणून थोडं कायद्याचं.

पहिल्यांदा एक गैरसमज. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून रोज कुणीतरी विचारतं, इथंच सीपीआर हॉस्पिटलसमोर अर्ज टाकता येईल का? हे प्रकरण तिथं सुरू होत नाही. सशस्त्र सेना न्यायाधिकरण, २००७ चा कायदा, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ.

तिथं जाण्याआधी खात्याकडं दाद मागून झालेली असावी लागते. तुमचे आधीचे दोन अर्ज मी धरणार नाही, त्यात पुरावाच नव्हता. सुभेदारसाहेब म्हणतात तसे कागद जोडून एकच नीट निवेदन करा आणि त्यात शेवटी सकारण आदेश मागा. ‘उपलब्ध नोंदीनुसार’ असं नको. हा पुरावा का ग्राह्य नाही ते लिहून द्या, असं म्हणा. नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत न्यायाधिकरण. सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तरी पुढच्या सहा महिन्यांत जाता येतं.

उशिराचा मुद्दा सरकार काढणारच. पेन्शनच्या प्रकरणात दर महिन्याला नुकसान होत राहतं म्हणून कोर्ट उशीर समजून घेतं, सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तर्सेम सिंगचा निकाल त्यावरच आहे. पण तिथंही थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. मेडल एकदाच मिळतं, त्याला तो युक्तिवाद सरळ लागू होत नाही. म्हणून उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज लागेल, आणि त्यात एमआरआयचा प्रसंग तारखेसकट घाला. तुम्ही झोपून राहिला नव्हता, तुकडे आत्ता दिसले.

अजून एक. वॉर इंज्युरी पेन्शनची मागणी याच निवेदनात कोंबू नका. नोंद ‘बॅटल’ झाली की तो दरवाजा आपोआप उघडेल, टक्केवारीचं तेव्हा बघू. आत्ता पैशाचं नाव काढलं की फाईल दुसऱ्या विभागात जाते आणि तिथंच मुरते.

गडहिंग्लजचा बाबू

वकीलसाहेब बरोबर बोलले. मुरते म्हणजे अशी मुरते की लोणचं लाजेल.

माहेर शिरोळ

काका, मी फौजीची मुलगी. माझे वडील १९७१ च्या लढाईत होते, आता नाहीत. त्यांच्यासोबतचे एक काका आमच्याकडं यायला वीस वर्षं कचरत होते. आले तेव्हा आईनं त्यांना काही विचारलं नाही, आधी जेवायला वाढलं. तुम्ही जाऊन या. कागदासाठी जातोय असं सांगायला लाजू नका, तेही सांगा. एकटे जाऊ नका, नातीला घेऊन जा.

टाकळीचा ड्रायव्हर

उशिरा लिहितोय, दीड महिना झाला. विचारणाऱ्यांसाठी हालहवाल.

माझे कागद माहिती अधिकारात आले. इंज्युरी रिपोर्टमध्ये ‘कारण’ या रकान्यात टाईप केलेलं आरटीए, आणि त्याच्या खाली पेनानं कुणीतरी बारीक लिहिलंय, ‘मोरीवर स्फोट, पलटणीचा सिग्नल (संदेश) पाहावा’. सही वाचता येत नाही. म्हणजे कुणाला तरी ठाऊक होतं, लिहिलंही होतं, टाईप करणाऱ्यानं वरचं तेवढं उचललं. सुभेदारसाहेब, तुमच्या जातभाईंचं काम!

गेल्या रविवारी नातीला घेऊन एसटीनं त्या पोराच्या घरी गेलो. त्याचे आईवडील आता नाहीत. थोरला भाऊ आहे, माझ्याच वयाचा, शेती करतो. मी कोण ते सांगितल्यावर तो बराच वेळ दारातच उभा राहिला. मग पत्र्याची ट्रंक ओढून काढली. सीओसाहेबांचं इंग्रजी पत्र नातीनं वाचून दाखवलं. त्यात गाडी सुरुंगावर गेली हे आहे, आणि पुढची ओळ, ड्रायव्हर गंभीर जखमी होऊन मागं पाठवला. माझं नाव नाही, पण ड्रायव्हर त्या गाडीला एकच होता. संमती त्यानं लगेच लिहून दिली. वकीलसाहेबांनी निवेदन करून दिलंय, सोमवारी स्पीड पोस्टानं गेलं.

निघताना त्यानं विचारलं, शेवटी काय बोलत होता का हो? म्हटलं, गुळाचा दर विचारत होता.

तो म्हणाला, “विचारणारच. त्या साली आम्ही पहिल्यांदा गुऱ्हाळ घातलं होतं.”