नाशिकसाठी छोटी लक्झरी एसयूव्ही: एक्स-वन, क्यू-थ्री की जीएलए?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑन-रोड ५५ ते ६० लाखांत गाडी घ्यायची आहे. बीएमडब्ल्यू एक्स-वन, ऑडी क्यू-थ्री आणि मर्सिडीज जीएलए या तीन डोक्यात आहेत. घरात चार माणसं, त्यांतले आई-वडील पासष्टीच्या पुढचे.

रोज गंगापूर रोडवरून अंबड एमआयडीसी, एका बाजूला ११-१२ किमी. वाटेत सिग्नल, शिवाय सिंहस्थाच्या कामांमुळे जागोजागी खोदकाम. महिन्यातून दोन-तीनदा मुंबई, अधूनमधून पुणे, पावसाळ्यात त्र्यंबक आणि वणी. वर्षाला साधारण १४,००० किमी. गाडी सहा-सात वर्षं ठेवणार.

पेट्रोल की डिझेल? नाशिकच्या खड्ड्यांत या गाड्यांचे टायर टिकतात का? फोर-व्हील ड्राइव्हसाठी जास्त पैसे मोजावेत का? कोणता लोगो भारी हा वाद नको, रोजच्या वापरात काय होतं ते सांगा.

चाकोरी_सातपूर

टायरपासून सुरुवात करतो. आपल्याकडे या गाड्यांवर न ठरवलेला खर्च होतो तो बहुतेक तिथेच. एक्स-वनचा साइज २२५/५५ आर१८, क्यू-थ्रीचा २३५/५५ आर१८. म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची अनुक्रमे सुमारे १२४ आणि १२९ मिमी. १९ इंची रिमवर २३५/५० असेल तर तीच उंची ११७-११८ मिमी होते. शोरूममध्ये १९ इंची रिम देखणं दिसतं हे खरं, पण निवड हातात असेल तर १८ इंचीवाला व्हेरिएंटच घ्या.

खड्ड्याची उभी कड लागली की टायरची बाजूची भिंत रिम आणि कड यांच्यामध्ये चेपली जाते आणि आतले दोरे तुटतात. हवा जात नाही, पण दोन-चार दिवसांत बाजूला फुगा दिसतो. त्यावर पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. फुगा आलेला टायर घेऊन त्या वेगाने जाणं म्हणजे जिवाशी खेळ. हवा कमी असेल तर टायर लवकर चेपतो, म्हणून प्रेशर सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणात जो तक्ता असतो त्याप्रमाणे ठेवा. चार माणसं आणि सामान असेल तर तक्त्यातला पूर्ण लोडचा आकडा धरा. नायट्रोजन भरला म्हणून दर पंधरा दिवसांची तपासणी चुकत नाही.

गाडी बुक करण्याआधी स्टेपनी आहे का आणि टायर रनफ्लॅट आहेत का, हे डोळ्यांनी बघा. सेल्समनच्या शब्दावर जाऊ नका. टायरच्या बाजूवर आरएफटी, आरओएफ किंवा एसएसआर अशी अक्षरं असली तर रनफ्लॅट. पंक्चर झाल्यावर असा टायर साधारण ८० किमी अंतर, ताशी ८० च्या आत चालतो. रात्री कसाऱ्यात थांबायची वेळ येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा की त्याची भिंत कडक असते, त्यामुळे लहान धक्के आत येतात आणि सिमेंट रस्त्यावर आवाज वाढतो. आई-वडिलांना मागे बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या, आणि ती कॉलेज रोडवर नको, पाथर्डी फाट्याकडच्या खराब पट्ट्यावर घ्या. जोरात आपटली आणि नंतर स्टिअरिंग सरळ रेषेत राहत नसेल, तर अलाइनमेंट करण्याआधी रिम मशीनवर फिरवून वाकलंय का बघा. रिम वाकलेलं असेल तर अलाइनमेंट कितीदाही करा, थरथर जात नाही.

फोर-व्हील ड्राइव्हबद्दल. क्यू-थ्री क्वाट्रो आहे, जीएलए २२०डी फोरमॅटिक आहे, म्हणजे दोन्ही चारही चाकांवर चालतात. एक्स-वनची इथली मॉडेल्स आणि जीएलए २०० पुढच्या चाकांवर चालतात. ओल्या घाटात वळणावरून वेग घेताना चार चाकांचा फरक जाणवतो. ब्रेक मारताना मात्र काहीच फरक पडत नाही, तिथे टायरच कामाला येतो. दिंडोरी-निफाडकडच्या शिवाररस्त्यांवर काळी माती टायरच्या खाचांत भरली की रोड टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं जागेवर फिरतात. तेवढ्यासाठी पैसे घालू नका. शिवाय चार चाकांच्या ड्राइव्हमध्ये चारही टायर जवळपास सारखे झिजलेले लागतात. एक फुटला तर निदान त्या अ‍ॅक्सलची जोडी बदलावी लागते, बाकीचे फार झिजले असतील तर चारही.

घाटमाथा

इंजिनाचं मी सांगतो.

एक्स-वन पेट्रोल १४९९ सीसी, तीन सिलिंडर, १३६ एचपी आणि २३० एनएम (इंजिनाची ओढ). डिझेल १९९५ सीसी, १५० एचपी, ३६० एनएम. जीएलए २०० मध्ये १३३२ सीसीचं पेट्रोल, १६३ एचपी. २२०डी मध्ये १९५० सीसीचं डिझेल, १९० एचपी आणि ४०० एनएम. क्यू-थ्री फक्त पेट्रोल: १९८४ सीसी, १९० एचपी, ३२० एनएम.

एचपीपेक्षा एनएम बघा. चार माणसं, बॅगा आणि एसी चालू ठेवून कसारा किंवा चंदनापुरी चढताना एक्स-वन पेट्रोलला गिअर खाली टाकून आरपीएम वाढवावा लागतो. चढते, पण इंजिनाचा आवाज येतो. डिझेल तेच काम १,८००-२,००० आरपीएमवर करतं. क्यू-थ्रीही आरामात चढते, पण शहरात तिचं पेट्रोल जास्त जातं.

डिझेल घेतलंत तर डीपीएफ समजून घ्या. सायलेन्सरच्या वाटेवरचा हा फिल्टर काजळी अडवतो आणि ठरावीक साठली की जास्त तापमानाने ती जाळतो. त्यासाठी गाडी १५-२० मिनिटं सलग, ताशी ६०-८० ने चालावी लागते. अंबडपर्यंतच्या सिग्नलवाल्या प्रवासात हे चक्र मध्येच तुटतं. ओळखायचं कसं? उभ्या गाडीचा (आयडल) आरपीएम थोडा वाढतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतो. अशा वेळी पार्किंगमध्ये न शिरता मुंबई महामार्गावर वाडीवऱ्हेपर्यंत एक चक्कर मारा. चक्र वारंवार तुटलं की न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि ऑइल पातळ होतं. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, वर्कशॉप गाठा. तुमचं महिन्यातून दोन-तीनदा मुंबई आहे, त्यामुळे डीपीएफ साफ राहील. तेवढं नसतं तर डिझेलला मी स्पष्ट नाही म्हटलं असतं.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, कमी राखेचंच हवं. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. अ‍ॅडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी वेगळी असते. सूचना आली की लगेच भरा, कारण किलोमीटर शून्यावर आले की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. त्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर स्टार्टचं बटण दाबू नका, थेट टो करा.

आता पैसे. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरा, सरासरी लिटरला ११ आणि १५ किमी. वर्षाच्या १४,००० किमीला पेट्रोल सुमारे १ लाख ३२ हजारांचं, डिझेल ८५ हजारांचं. फरक ४७ हजारांचा. पण महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या गाडीला पेट्रोलवर १३ टक्के आणि डिझेलवर १५ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे ५० लाखांच्या गाडीवर एक लाख आधीच जास्त गेले. दोन वर्षांची बचत तिथेच संपली. डिझेल घ्या ते ओढीसाठी, बचतीसाठी नाही.

मधली_लेन

घाटमाथा यांच्याशी इंजिनापुरता सहमत, निष्कर्षाशी नाही. वर्षातल्या बहुतेक दिवसांना गाडी अंबडलाच जाणार आहे. तिथे पेट्रोल शांत, कमी भानगडीचं. घाट महिन्यातून काही तासांचा.

गिअरबॉक्सचं कोणी बोललं नाही. तिन्हींत ऑटोमॅटिक, दोन क्लचवाला (ड्युअल क्लच) गिअरबॉक्स आहे, क्लच तेलात बुडालेला, त्यामुळे कोरड्या क्लचपेक्षा टिकाऊ. तरी द्वारका चौकात इंच-इंच सरकवत राहिलात तर क्लच अर्धवट पकडून तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सोडा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ऑटो-होल्ड वापरा. उतारावर पार्क करताना क्रम असा: ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, ब्रेकवरचा पाय उचला, गाडी हँडब्रेकवर बसली की पी (पार्किंग). उलटं केलंत तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या खिळीवर येतं आणि पी मधून काढताना खाडकन आवाज होतो. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायला नको, असं कोणी म्हणालं तरी सात वर्षं ठेवणार असाल तर ६०,००० किमीच्या आसपास बदला.

आई-वडिलांसाठी क्यू-थ्रीची मागची सीट पुढे-मागे सरकते आणि तिचा डिकीही मोठा, ५३० लिटरचा. जीएलएचा डिकी त्यापेक्षा बराच लहान. मुंबईहून चार बॅगा आणायच्या असतील तर बॅगा शोरूमला घेऊन जा. फक्त एवढं लक्षात घ्या की क्यू-थ्रीची पुढची पिढी जून २०२५ मध्ये जाहीर झाली आहे. जुनं मॉडेल घ्याल तर सूट भरपूर मागा, कारण विकताना ती मागच्या पिढीची गाडी असेल. आणि उत्पादनाचा महिना-वर्ष बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या, आरसीवर तोच येणार आहे.

शून्य_डेप

विम्यात लोक फक्त हप्ता बघतात. या गाड्यांत बंपर, दिवे, सेन्सर सगळं प्लॅस्टिकमध्ये. झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के कापले जातात. ते घ्याच. त्यासोबत इंजिन प्रोटेक्ट, टायर-रिम कव्हर आणि पहिली तीन वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेली तर बिलाची किंमत देणारं कव्हर). आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दुसऱ्या वर्षात २० टक्के, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या दरम्यान ५० टक्के घसरलेली धरतात. गाडी चोरीला गेली तर हातात काय येईल, याचा हिशेब त्यावरून करा.

इंजिन प्रोटेक्ट का? पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्ट मारली, तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हा दावा नाकारतात. पाण्यात बंद पडली की बटणाला हात लावायचा नाही, टो बोलवायची.

काचेची गोष्ट छोटी वाटते, पण पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर लेन आणि ब्रेकच्या सूचना चुकतात. खडी वाहणाऱ्या डंपरमागे राहू नका. लहान टवका उडाला तर तडा जाण्याआधी रेझिन भरून घ्या.

एक टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ घेतो तो आयकर) भरावा लागेल, तो आयकर रिटर्नमध्ये परत मिळतो. कंपनीच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के आहे आणि प्रवासी कारवर जीएसटीचं इनपुट क्रेडिटही (भरलेला जीएसटी वजा करून घेणं) मिळत नाही. मिळतो तो घसारा. सीएकडून दोन्ही बाजू मांडून घ्या.

सर्वांत महत्त्वाचं: नाशिकमध्ये नक्की काय होतं ते विचारा. फक्त सर्व्हिस, की बॉडी रिपेअर आणि गिअरबॉक्सही? मोठ्या कामासाठी गाडी पुण्या-मुंबईला जाणार असेल तर टो कोण देणार, किती किमीपर्यंत, हे लेखी घ्या.

गंगापूररोडकर

खूप आभार सगळ्यांचे. पेट्रोलकडे कल झाला आहे. घरून एक सूचना आली: तीन वर्षं जुनी क्यू-थ्री किंवा एक्स-वन घेतली तर? मुंबईत बऱ्याच दिसताहेत.

चाकोरी_सातपूर

दादा, जुनी चांगली मिळते, पण भाव ठरवताना २२ सप्टेंबर २०२५ नंतरचा हिशेब करा. तेव्हापासून या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी सेससकट ४५ ते ५० टक्के होता. विकणारा जुन्या बिलाची किंमत दाखवेल, तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोडवरून खाली या.

मुंबईची गाडी म्हणजे पाण्याची शंका आधी दूर करा. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा, मातीची रेघ दिसते का बघा. डिकीतलं कार्पेट उचलून खालच्या खोलगट भागात गाळ, सीटच्या रुळांवर गंज, आणि दार बंद करून पाच मिनिटांनी कुबट वास. सनरूफ असेल तर वर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते चारही कोपऱ्यांच्या नळ्यांतून गाडीखाली पडायला हवं. नळ्या तुंबल्या असतील तर पाणी छताच्या अस्तरात किंवा पायाखाली उतरतं.

टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार तारखांचे असतील तर कारण विचारा. स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे जुने फॉल्ट कोड काढा. कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळतं. चासिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसची पूर्ण नोंद मागवा, किलोमीटर चढत्या क्रमाने जुळतात का बघा. थंड इंजिन सुरू करा, गरम केलेलं नाही. पहिल्या मिनिटातले आवाज आणि धूर खरे असतात. क्वाट्रो असेल तर मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या कपलिंगचं तेल कधी बदललं ते विचारा. नोंद नसेल तर घेतल्या घेतल्या बदला आणि पंपाची जाळी साफ करून घ्या.

कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० लागतील. गाडी दुसऱ्या आरटीओची असल्यामुळे फॉर्म २८ ची एनओसीही. कर्ज असेल तर फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, पंचवीस टक्के तरी आरसी नाशिक आरटीओत (एमएच-१५) तुमच्या नावावर होईपर्यंत अडवून ठेवा.