आरएसव्ही: वाफ नाही, आधी नाक मोकळं करा

पाच महिन्यांच्या बाळाला आरएसव्ही या श्वसनविषाणूचा ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज) झालाय, तरी डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत आणि नेब्युलायझरही (औषध वाफेसारखं देणारं यंत्र) लावत नाहीत, अशी एका पालकांची तक्रार आहे. ही हलगर्जी नव्हे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. बारीक श्वासनलिका सूज, चिकट स्राव आणि झडलेल्या पेशींनी तुंबतात. नेब्युलायझरमधून दिलं जाणारं साल्ब्युटामॉल फक्त श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करतं, त्यामुळे इथे सहसा उपयोग होत नाही.

खरं काम नाकाचं. इतकी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे (निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे) 2-3 थेंब टाकून वरवर सक्शन करावं, म्हणजे स्राव ओढून काढावा. सक्शनची नळी खोल, सारखी घातली की आतली सूज वाढते. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा श्वास मिनिटाला 60च्या पुढे गेला, तर थेट पोटात जाणाऱ्या नळीने दूध देण्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. धापेत पाजलेलं दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

त्रास बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, त्याला मॉनिटर हवाच.

आणि कृपा करून सर्दी झालेल्या नातेवाइकांना वॉर्डात आणू नका. हा विषाणू पलंगाच्या कठड्यावर काही तास टिकतो आणि हातांवरून शेजारच्या बाळापर्यंत पोचतो.