थंडीतलं ओल्ड स्टर्ब्रिज

'मॅसॅच्युसेट्समधलं ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज थंडीत बघण्यासारखं नाही, ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला जा' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते अर्धंच पटलं. हे म्हणजे अमेरिकेतलं, जुन्या खेड्यासारखं मांडलेलं खुलं संग्रहालय. वाटा निसरड्या असतात, उघडे वारही कमी असतात, हे कबूल. पण आम्ही दोघं निवृत्तीनंतर लेकीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम जानेवारीत गेलो. गर्दी नाही, त्यामुळे १८३० च्या सुमाराच्या पोशाखातली माणसं निवांत बोलतात. शेतघरात चुलाणासमोर एक बाई ओतीव लोखंडी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवत होती. बायको लगेच म्हणाली, "अहो, आपलं धोंडस असंच तर करतात!" मग दोघींचं जे जमलं, मला अर्धा तास बाकावर बसून काढावा लागला. (ऊब होती, तक्रार नाही.)

आणि बर्फ! तळ्याचा बर्फ लांब करवतीनं कापून लादी बाहेर ओढतात, तो प्रयोग थंडीतच दिसणार. जुन्या काळी असा बर्फ लाकडाच्या भुशात दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवत. याच भागातला बर्फ फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्यानं १८३३ मध्ये बोस्टनहून जहाजानं कलकत्त्याला धाडला, चार महिन्यांच्या प्रवासात १८० टनांतला सुमारे १०० टन उरला होता. चेन्नईतलं 'आइस हाउस', म्हणजे बर्फाचं जुनं कोठार, त्याच धंद्याचं. पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मात्र घेऊन जा, मी नेले नव्हते.