राज्याचा राखीव फंड मतदारांपुढं ठेवायचा, आपल्याकडं जमेल काय?

टिळकवाडी_काका:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा. २०१४ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडं कॅलिफोर्नियाला होतो. १ तारखेला इकडं बेळगावचं बेळगावी झालं, ती बातमी तिथं मोबाईलवर वाचली आणि दिवसभर जेवण गोड लागलं नाही, आपल्याला कुणी विचारलं होतं काय? आणि बरोबर तीन दिवसांनी, ४ तारखेला तिथं मतदान. जावयाच्या टेबलावर सरकारकडनं पोस्टानं आलेलं पुस्तक होतं, त्यात प्रपोझिशन २ म्हणून एक विषय, की चांगल्या वर्षात राज्यानं पैसे बाजूला काढायचे आणि तसा नियम राज्याच्या घटनेतच घालायचा, तुम्ही हो म्हणता की नाही? बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं, विरोधातल्यांचं म्हणणं, तिजोरीवर काय परिणाम होईल, सगळं छापलेलं. जेवणं झाल्यावर जावई पेन्सिल घेऊन ओळीओळीला खुणा करत बसला. राज्याच्या बजेटवर घरात बसून पेन्सिलनं खुणा, हे मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. ६९ टक्के लोकांनी हो म्हटलं.

आता आमच्या वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या बैठकीत मला यावर बोलायचंय. म्हणून विचारतो, तो नियम नेमका चालतो कसा, आणि आपल्या राज्यात असं लोकांना विचारायची काही सोय आहे काय? जाणकारांनी सांगा.

कॅम्पातला_ट्रेझरीवाला:
काका, ३० वर्षं खजिन्यात काढली, त्यामुळं हा विषय माझ्या आवडीचा. आधी हे बघा की २०१४ चा तो पहिला प्रयत्न नव्हता. २००४ ला श्वार्झनेगर गव्हर्नर असताना प्रपोझिशन ५८ पास झालं आणि फंड उघडला, पण गव्हर्नरनं एक ऑर्डर काढली की त्या वर्षीची भर बंद, अशी पळवाट त्यात ठेवलेली. २००८ ची मंदी आली, भर थांबली ती वर्षानुवर्षं थांबलीच. मे २००९ ला परत लोकांपुढं गेले तर लोकांनी सपशेल पाडलं, कारण त्याच मतात टॅक्सवाढ लांबवायची गोष्ट गुंतवलेली होती. म्हणजे लोकांना नुसतं विचारून भागत नाही, विषय स्वच्छ पाहिजे.

२०१४ ला जेरी ब्राऊन गव्हर्नर असताना जे आलं ते विचार करून आलं होतं. दरवर्षी जनरल फंडाच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीच्या, उत्पन्नातले दीड टक्का बाजूला काढायचेच. त्याशिवाय कॅपिटल गेन्सचा टॅक्स, म्हणजे शेअर नि मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरचा, तो जनरल फंडाच्या टॅक्सच्या ८ टक्क्यांवर गेला की वरचा भागसुद्धा, त्यातला शाळांचा हिस्सा वगळून. तिथलं उत्पन्न या टॅक्सनं लई वरखाली होतंय, एका साली धो धो आणि पुढच्या साली कोरडं, आपल्याकडं तंबाखूला दर लागतो तसं. पहिली १५ वर्षं या रकमेतली अर्धी जुनं कर्ज फेडायला, अर्धी फंडात. फंड उत्पन्नाच्या १० टक्क्यांवर पोचला की पुढचा पैसा रस्ते-पुलांसारख्या कामाला. आणि काढायचं कुलूप बघा, गव्हर्नरनं बजेटची आणीबाणी जाहीर केली पाहिजे, विधिमंडळानं मत दिलं पाहिजे, आणि पहिल्या वर्षी निम्म्यापेक्षा जास्त काढता येत नाही. २०२० ला कोविडात त्यांनी काढला, तेव्हा काढायला तरी होता.

आता आपलं. राज्याचा सगळा पैसा कलम २६६ च्या एकत्रित निधीत. कलम २६७ चा आकस्मिकता निधी म्हणजे बचत नव्हे, ती उचल असते, अचानक खर्च आला की काढायचे आणि सभागृहाची मंजुरी घेऊन परत भरायचे. कर्नाटकानं २००२ ला वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, राज्यांमध्ये आपलं राज्य पहिलं, याचा मला अजून अभिमान आहे. पण तो कायदा तूट नि कर्ज किती असावं ते सांगतो, चांगल्या साली किती साठवा ते सांगत नाही. माझ्या मते इथं ती नजर मुद्रांक शुल्कावर पाहिजे. बेंगळूरात जागांचे व्यवहार तेजीत असले की ते फुगतंय, थंडावले की बसतंय.

आणि लोकांना विचारायचं म्हणाल तर घटनेत राज्याच्या बजेटवर सार्वमताची तरतूदच नाही, ते विधानसभेचं काम. चोर्ला घाटाच्या पलीकडं गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं, ३४ हजारांच्या फरकानं दोन पानं जिंकली, पण त्याच्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला होता.

वेदगंगा_काठ:
मी निपाणी तालुक्यातला. ट्रेझरीवाले दादांनी कायदा सांगितला, मी पाणी सांगतो. ऑगस्ट २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी, म्हैस सोडून दिली ती तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात सापडली. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती आई अजून पुसू देत नाही, तिथंच पंचनाम्याला आलेल्या माणसानं बोट ठेवलं होतं म्हणते. राज्यानं पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले, चांगलं केलं, पण आमच्या पडलेल्या घराचा कागद ‘थोडं नुकसान’ या खान्यात गेला आणि तो दुरुस्त व्हायला दीड वर्ष. राज्याचा अंदाज ३५ हजार कोटींच्या वर नुकसान, केंद्राकडनं ऑक्टोबरात पहिले आले १२०० कोटी. २०२३ च्या दुष्काळाला तेच, २२३ तालुके दुष्काळी, मागितले १८ हजार कोटींच्या वर, शेवटी सुप्रीम कोर्टात जावं लागलं तेव्हा एप्रिल २०२४ ला ३,४५४ कोटी सुटले. दरवेळी हात पसरून बसायचं. आपत्ती निधी आहे, त्यात केंद्राचा हिस्सा ७५ टक्के, पण तो नियमात बसेल तेवढाच. राज्याचा स्वतःचा साठा असता तर निदान पहिले सहा महिने तरी निघाले असते.

आणि लोकांना हे समजणार नाही असं कुणी म्हणू नका. आमच्या गावात लक्ष्मीच्या यात्रेसाठी दरवर्षी घरटी पट्टी निघते, सोसायटीत ठेवीला जाते. पूर्वी एका पंचानं कुणाला न विचारता त्यातनं देवळापुढं फरशी बसवली, फरशी चांगलीच होती पण गाव चिडलं, तवापासनं तीन सह्या आणि देवळात बैठक झाल्याशिवाय रुपया हलत नाही. पुरात देवळात गुडघाभर चिखल, त्यातच उभ्यानं बैठक झाली. काही म्हणाले देवीचा पैसा आहे, हात लावू नका. तेव्हा आमची चुलत आजी म्हणाली, देवीच्या पायाला चिखल लागलाय बाबांनो, तिला आता पालखी नको, लेकरांना भाकरी पाहिजे. हात वर करून मत घेतलं, निम्मे काढायचे ठरले, निम्मे ठेवले. कॅलिफोर्नियाचा निम्म्याचा नियम वाचला आणि अंगावर काटा आला.

खानापूरची_सुनंदा:
काका, वेदगंगा दादा, तुमचं पटतंय पण माझं मन पूर्ण तयार होत नाही. आमच्या जंगलातल्या गावांत पावसाळ्यात अजून पेशंटला डोलीत घालून खांद्यावरनं आणतात, ओढ्यावर पूल नाही. तिथल्या बाईला मी काय सांगू, पूल पुढं, आधी बेंगळूरात पैसे साठवूया? साठवणूक ज्याची आजची गरज भागली त्याला सोपी. कॅलिफोर्नियातसुद्धा शाळांवरनं वाद झालाच की, राज्याच्या फंडाबरोबर शाळांनी स्वतःकडं किती शिल्लक ठेवायची यावर मर्यादा आणली म्हणून. त्यामुळं असा नियम झालाच तर आधी लिहा की शाळा, दवाखाना, घरच्या बाईला सरकारकडनं महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे २ हजार यांतनं काही कापायचं नाही, फक्त अचानक वाढलेल्या पैशातनं काढायचं. ते २ हजार हातात आल्यापासनं आमच्या बचत गटातल्या दहाजणी वेळेवर हप्ता भरतात, हे मी स्वतः वहीत लिहिते.

आणि एक विचारते. ते पुस्तक कुठल्या भाषेत होतं? मी कन्नड शाळेत शिकले नाही, ग्रामपंचायतीतली नोटीस मला पोराकडनं वाचून घ्यावी लागते. १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे असं ठरलेलं आहे, किती वर्षं निवेदनं देतोय आपण. न वाचता येणाऱ्या कागदावर हो म्हणायचं म्हणजे कोऱ्यावर सही. तसलं मत मला नको.

टिळकवाडी_काका:
सुनंदाताई, तुमचा प्रश्न वाचून लेकीला फोन केला. तिथलं पुस्तक स्पॅनिश, चिनी धरून दहा भाषांत निघतंय, त्यात हिंदीपण आहे, मागितलं की फुकट घरी येतंय. बैठकीत मी सुरुवातच आता इथनं करणार. फंड, टक्के, कुलूप हे सगळं मागनं, आधी कागद वाचता आला पाहिजे.

ट्रेझरीवाले, सार्वमत नाही हे कळलं, पण ग्रामसभा तर आहे ना? पंचायतीच्या स्वतःच्या घरपट्टी-पाणीपट्टीतनं पुरासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायची आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय काढायची नाही, असं करता येईल काय ते नियम बघून सांगा. मसुदा मराठी आणि कन्नड दोन्हीत करूया, कन्नडचं माझा शेजारी करून देतो म्हणालाय. आणि वेदगंगा, तुमच्या गावानं तीन सह्यांचा जो ठराव केला त्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर टाका, नावं झाकून. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बैठक आहे, त्याच्या आधी पाहिजे.

वेदगंगा_काठ:
वही सेक्रेटरीच्या घरात आहे, पुरात भिजल्यामुळं शाई पसरलीय पण वाचता येतंय. उद्या दूध घालायला जाताना फोटो काढून टाकतो.