घरच्या पोथ्या आणि मोडी दप्तर: दुरुस्तीला पैसा कुठून उभा करावा?

नौपाडाकर
ठाण्यात घरी ३८ पोथ्या आणि मोडी कागदांचे ३ रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. एक पोथी सचित्र, शंभर वर्षांहून जुनी. पावसाळ्यात दोन रुमालांना बुरशी लागली, काही बंद (लांब कागद) चिकटले. दुरुस्तीचा दर पानागणिक असल्याने सगळ्याचा खर्च झेपणारा नाही. मालकी घरातच ठेवून अनुदान किंवा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामांसाठीचा, पैसा मिळतो का?

दप्तरदार
तुमच्या नावाने धनादेश निघेल ही आशा सोडा. मदत मिळते ती सूची, स्कॅनिंग, जतन अशा कामाच्या रूपात. त्यासाठी आधी पोथ्या आणि दप्तर वेगळे करा, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात. सरकारी व्याख्येत हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षं जुना, हाताने लिहिलेला, मोलाचा ग्रंथ. सनदा, महसुली कागद त्यात बसत नाहीत. पोथ्यांसाठी केंद्र सरकारच्या ज्ञान भारतम् या हस्तलिखितांच्या मोहिमेकडे जा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ती जाहीर करताना खासगी संग्राहकांचाही उल्लेख होता. मोडी दप्तरासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी बोला.

दोन्हीकडे पहिला प्रश्न यादीचा येतो. प्रत्येक पोथीचं नाव, कर्ता, लेखनिक, पुष्पिकेतला (शेवटच्या नोंदीतला) शक, पानांची संख्या, लांबी-रुंदी, अवस्था आणि पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो. ‘जुन्या पोथ्या आहेत’ एवढ्यावर कोणी घरी येत नाही. ३८ पोथ्यांची नीट यादी असेल तर येतात.

सचित्र पोथी शंभरी ओलांडलेली असल्याने १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीमुळे मालकी जात नाही, पण पुढे ती कोणाला दिलीत तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

वाशीकर
सीएसआरबद्दल. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा आणि कलाकृतींचं जतन आहे, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना हा खर्च दाखवता येतो. पण पैसा व्यक्तीला देता येत नाही. संस्थेकडे करसवलतीच्या १२अ, ८०जी आणि सीएसआरचं काम घेण्यासाठीची सीएसआर-१ अशा नोंदण्या हव्यात, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. म्हणून घाईने कौटुंबिक ट्रस्ट काढण्यात अर्थ नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी झाली तरी तीन वर्षांची अट उरतेच.

त्यापेक्षा जुनं ग्रंथालय किंवा संशोधन संस्था अर्जदार असू द्या आणि तुमचा संग्रह तिच्या प्रकल्पाचा भाग करा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल. कंपन्यांचा वार्षिक आराखडा एप्रिलपासूनचा असतो, त्यामुळे प्रस्ताव जानेवारीपर्यंत पोचवा. त्यात सगळ्यांना काय खुलं होणार ते ठळक लिहा. कपाटात परत जाणाऱ्या वस्तूवर कोणतीही कंपनी खर्च करत नाही.

नौपाडाकर
म्हणजे संग्रह संस्थेला देऊनच टाकायचा?

दप्तरदार
नाही. देणगी वेगळी, ठेव वेगळी; ठेवीत मालकी तुमचीच राहते. ठेवीच्या करारनाम्यात मुदत, परत मागण्याची पद्धत, स्कॅनची एक प्रत तुम्हाला, छापण्याची परवानगी कोण देणार आणि नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, एवढं लेखी हवं. तोंडी ठेवीवरून पुढच्या पिढीत हमखास वाद होतात.

कागदवैद्य
पैसा येईपर्यंत खर्च आटोक्यात आणा. सगळं दुरुस्त करायची गरज नसते. तीन गठ्ठे करा: बुरशीचे आणि चिकटलेले, फाटलेले, नुसते धुळीचे. व्यावसायिकाकडे आधी फक्त पहिला गठ्ठा द्या आणि दरपत्रकात सफाई, आम्लनिवारण, जपानी टिश्यूचं (पातळ, चिवट कागदाचं) अस्तर, पेटी हे वेगवेगळं मागा. एकगठ्ठा आकड्यात गरज नसलेलं अस्तरही घुसतं.

चिकटलेले बंद ओले करून सोडवू नका. मोडीची काळी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची असते, पाण्याने उतरते. हिराकशीची (लोहक्षाराची) असेल तर कागद आधीच जळलेला असू शकतो. सेलोटेप, लॅमिनेशन, इस्त्री, ऊन, डांबरगोळ्या काहीही नको. पोथीतले पिवळे पट्टे हरताळ या पिवळ्या खनिजाचे असू शकतात (चूक झाकायला तो फासत, वाक्प्रचारातला तोच). त्यात आर्सेनिक असतं, म्हणून हातमोजे आणि मास्क वापरा. बुरशीच्या रुमालांनाही मास्कशिवाय हात लावू नका, ते इतरांपासून दूर ठेवा.

धुळीच्या गठ्ठ्याला मऊ ब्रश आणि गुंडाळायला धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड पुरतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या आणि आत आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी पुन्हा धरते, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर तो टिकतोच. त्या चार महिन्यांसाठी डीह्युमिडिफायर घ्या, आणि त्याची टाकी रोज रिकामी करा.